'गुन्हा असलेला' म्हणजे कोण? रिक्षाचा बॅज आणि आपला सातवा ठराव

(महिला गटांच्या दोन दिवसांच्या जिल्हा शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – सं.)

मैत्रिणींनो,

काल रात्री तयार झालेला ठरावांचा मसुदा तुमच्या हातात आहे. त्यातला सातवा ठराव पुन्हा एकदा वाचते. 'स्त्रियांवरील अत्याचाराचा गुन्हा असलेल्या कोणाही इसमास रिक्षा, टॅक्सी, वडाप अथवा शाळेची गाडी चालवण्याचा परवाना देण्यात येऊ नये.' काल हा वाचला तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या यालाच पडल्या. पडणारच. रात्री साडेनऊला एसटी चुकल्यावर मिळेल त्या गाडीत बसलेली बाई या हॉलमध्ये प्रत्येक रांगेत आहे. गाडीत पाय ठेवताना आपण नंबर बघतो, घरी फोन लावल्यासारखं करतो, मागच्या सीटवर दाराशी बसतो. हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही.

पण ठराव घेऊन आपण परिवहन अधिकाऱ्याकडे जाणार, तेव्हा तो पहिला प्रश्न विचारेल, 'गुन्हा असलेला म्हणजे कोण?' आणि तो प्रश्न टाळाटाळीचा नसेल. पोलिसात तक्रार नोंदवली गेली, की लोक म्हणतात गुन्हा आहे. आरोपपत्र गेलं, तरी तेच म्हणतात. न्यायालयानं दोषी ठरवलं, तरी तेच. कायद्याच्या दृष्टीनं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यातली कुठली आपण धरतो यावर ठरावात कोण अडकणार आणि कोण सुटणार हे ठरतं. आज मला या एका शब्दावरच बोलायचं आहे.

आधी सध्या काय आहे ते बघू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. साधं लायसन वेगळं आणि भाड्यानं प्रवासी नेण्याचा अधिकार वेगळा. आपल्या राज्यात रिक्षा-टॅक्सीवाल्याला त्यासाठी बॅज घ्यावा लागतो, आणि बॅजसाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. म्हणजे चाळणी आजही आहे. 'काही तपासणीच होत नाही' असं आपण पत्रकात लिहितो ते बरोबर नाही, आणि चुकीचं लिहिलं की अधिकारी तेवढंच धरून बसतो.

याच कायद्याचं कलम १९ आहे. लायसन देणारा अधिकारी कोणाला अपात्र ठरवू शकतो याची त्यात यादी आहे. सराईत गुन्हेगार, सराईत दारुडा, अमली पदार्थांचा व्यसनी, दखलपात्र गुन्ह्यासाठी गाडी वापरलेला माणूस, खोटी माहिती देऊन लायसन मिळवलेला. शिवाय जनतेला त्रास किंवा धोका होईल अशी कृत्यं करणारा. ही कृत्यं कोणती, ते १९८९ च्या केंद्रीय नियमांतल्या २१ व्या नियमात दिलं आहे. त्यात प्रवाशावर हल्ला आहे, प्रवाशाला पळवून नेणं आहे, प्रवाशाशी गैरवर्तन करणंसुद्धा आहे. आता नीट ऐका, कारण हे बहुतेकींना माहीत नसतं. या कारवाईसाठी न्यायालयात शिक्षा झालेली असलीच पाहिजे असं तिथे लिहिलेलं नाही. अधिकाऱ्यानं त्या माणसाला त्याचं म्हणणं मांडायची संधी द्यायची, कारणं लेखी नोंदवायची आणि निर्णय द्यायचा. त्यावर अपील आहे. म्हणजे हत्यार आहे. गंजलंय, कारण ते कोणी मागायलाच जात नाही.

आणखी एक कलम, २० वं. जो गुन्हा करताना मोटारगाडी वापरली गेली, त्या गुन्ह्यात दोषी ठरवताना न्यायालय त्याच निकालात आरोपीला लायसनसाठी अपात्र ठरवू शकतं. आपण बलात्काराच्या, पळवून नेण्याच्या खटल्यांत वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. शिक्षा किती याकडे डोळे लावून बसतो. सरकारी वकिलांना 'साहेब, कलम २० खाली अर्ज द्या' असं आपल्यापैकी किती जणी सांगतात? यापुढे सांगायला हवं.

ॲपवरच्या गाड्यांचं प्रकरण नंतरचं. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन या कंपन्यांना परवाना लागू झाला. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रानं मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात अट अशी होती, की गेल्या सात वर्षांत दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल किंवा लैंगिक अत्याचार, हिंसा, चोरी, फसवणूक अशा दखलपात्र गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला कंपनीनं चालक म्हणून घेऊ नये. २०२५ च्या जुलैमध्ये सूचनांची नवी आवृत्ती आली. माझा मुद्दा 'दोषी ठरलेल्या' या शब्दांशी आहे.

ते शब्द किती पुरतात, हे दिल्लीच्या प्रकरणात दिसलं. ५ डिसेंबर २०१४. नोकरी करणारी एक तरुणी रात्री घरी जायला उबरची गाडी मागवते, वाटेत तिला झोप लागते आणि चालक तिच्यावर बलात्कार करतो. देशभर गदारोळ झाला, दिल्ली सरकारनं त्या सेवेवर बंदी घातली, २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये चालकाला जन्मठेप झाली. गदारोळात बाहेर आलं की २०११ मध्येही या माणसाला बलात्काराच्या आरोपाखाली अटक झाली होती. पण त्या खटल्यात तो सुटला होता. त्याच्याकडे पोलिसांच्या नावाचं चारित्र्य प्रमाणपत्र होतं, ते बनावट निघालं.

आता आपला ठराव या माणसाला लावून बघा. 'दोषी' असा शब्द घातला तर तो आरामात पार होतो, कारण त्याच्या नावावर तेव्हा त्या गुन्ह्यात दोषसिद्धी नव्हती. देशात बलात्काराच्या ज्या खटल्यांचा निकाल लागतो त्यात शिक्षा होण्याचं प्रमाण २०२२ साली सुमारे २७ टक्के होतं. तक्रारच न करणाऱ्या बायका तर या हिशोबात नाहीतच. म्हणजे केवळ दोषसिद्धीची चाळणी लावली तर पकडला जाणारा थोडका आणि गळून पुढे जाणारा फार. कागद स्वच्छ आहे म्हणून गाडीत बसलेल्या बाईला मात्र वाटतं, सरकारनं बघून घेतलंय.

मग काल रात्री आपल्या तरुण मैत्रिणींनी जे मांडलं ते ओघानंच येतं. नुसता गुन्हा दाखल असला तरी बॅज नाही! त्यांचा संताप मला कळतो. पण या हॉलमध्ये जरा हात वर करा बरं. रास्ता रोको, मोर्चा, दारूचं दुकान बंद पाडणं, या कारणानं ज्यांच्यावर गुन्हे दाखल आहेत त्यांनी. (हात वर होतात.) बघा. अर्धा हॉल. सरकारी कामात अडथळा, बेकायदा जमाव, एकीवर तर दरोड्याचं कलम. आता तुम्ही म्हणाल, आपला ठराव फक्त स्त्रियांवरच्या अत्याचारापुरता आहे. खरं आहे. पण सरकारच्या हातात 'गुन्हा दाखल म्हणजे अपात्र' हे तत्त्व आपण एकदा दिलं, की ते कुठल्या गुन्ह्यांना लावायचं हे आपल्याला विचारून ठरणार नाही.

आणि सगळ्यात आधी ते कोणाला लागेल? वस्तीत चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. १९५२ साली तो रद्द झाला, पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि शिक्का तोच राहिला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांच्या नियमावलीतला जातिभेद रद्द केला. विमुक्त जमातींच्या लोकांना 'सराईत' धरण्याची रीतही त्यात होती. आता कलम १९ मधला पहिला शब्द आठवा. सराईत गुन्हेगार. पालावरचा एखादा पोरगा दहावी होऊन रिक्षा चालवू म्हणेल, तर पडताळणीच्या कागदावर त्याच्याबद्दल काय लिहिलं जाईल? आणि ज्याचा चुलता पोलीस पाटील आहे, त्याच्या कागदावर काय?

आता दुसऱ्या बाजूनं बघू. २०१६ पासून आपल्या राज्यात रिक्षा परमिटांत बायकांसाठी ५ टक्के राखीव ठेवण्याचं ठरलं. रिक्षा शिकायला कोण येतं? नवरा गेलेली, नवऱ्यानं टाकलेली, दुसरा आधार नसलेली. समजा त्यातली एक पूर्वी हातभट्टी विकायची. दारूबंदी कायद्याखाली तिला दोन-तीनदा शिक्षा झालेली आहे. पोरं मोठी झाली, बचत गटात आली, धंदा सोडला, आता स्टिअरिंग धरायचं म्हणते. कागदावर ती 'सराईत'च दिसते. ज्यानं बाईला गाडीत ओढलं तो पुराव्याअभावी सुटून स्वच्छ, आणि ही अपात्र. असला न्याय आपल्या ठरावानं आणायचा नाही.

कायद्यात थोडी सोय आहे, ती लक्षात ठेवा. न्यायालयानं दोषी धरूनही अपराधी परिवीक्षा कायदा १९५८ खाली चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं असेल, तर त्याच कायद्याच्या १२ व्या कलमानुसार त्या दोषसिद्धीमुळे अपात्रता येत नाही. गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळ्या होणाऱ्या बायकांना वकील हे सांगत नाहीत. दंड भरला की तारीख मिटते, घाई तेवढीच असते. पण शिक्षा भोगून झाल्यावर इतक्या वर्षांनी ती पुसली गेली असं धरावं, असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. म्हणून मुदतीचा विचार आपल्यालाच मांडावा लागेल.

इंग्लंडमध्ये तो मांडलेला आहे. तिथे टॅक्सीचा परवाना स्थानिक कौन्सिल देते आणि माणूस 'योग्य आणि लायक' आहे का हे बघणं तिचं काम असतं. २०२० च्या जुलैमध्ये तिथल्या सरकारनं यासाठी मानकं ठरवून दिली. लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला परवाना नाहीच. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा पुरी झाल्यावर निदान दहा वर्षं गेली पाहिजेत, अप्रामाणिकपणाच्या गुन्ह्यात सात, दारू पिऊन गाडी चालवली असेल तरी सात. म्हणजे सगळे गुन्हे एका मापानं मोजलेले नाहीत. आणि अधिकाऱ्यानं स्वतःला एक प्रश्न विचारायचा. याच्या गाडीत माझ्या जिवाभावाच्या माणसाला, दिवसा किंवा रात्री कधीही, मी एकटं पाठवीन का? नसेल तर परवाना नाही. हे मला आवडलं. आपल्याकडे अधिकारी फक्त शिक्का बघतो.

ही मानकं कौन्सिलांना आपोआप सुचली नाहीत. रॉदरहॅम नावाच्या गावात १९९७ ते २०१३ या काळात सुमारे १४०० मुलामुलींचं लैंगिक शोषण झालं असावं, असा अंदाज २०१४ च्या चौकशी अहवालानं दिला. त्यात काही टॅक्सीचालकांचा हात होता, आणि मुली सांगत असताना अधिकाऱ्यांनी कानाडोळा केला होता. त्याआधी लंडनमध्ये जॉन वॉरबॉईज नावाचा टॅक्सीवाला बायकांना पेयातून गुंगीचं औषध देऊन अत्याचार करत असे. २००३ मध्ये एका बाईनं तक्रार केली. २००७ मध्ये आणखी एकीनं केली, त्याला अटक झाली आणि सोडून दिलं. तो दोषी ठरला २००९ मध्ये. मधल्या वर्षांत परवाना होता, कागद स्वच्छ होता. पुढे दोन बायकांनी पोलिसांवरच दावा लावला आणि २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. तिथेही दगा तक्रारीच्या टेबलावरच झाला होता.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. बॅज असतो एकाच्या नावावर, परमिट दुसऱ्याच्या, आणि गाडीत बसलेला असतो तिसराच. दिवसपाळीला मालक, रातपाळीला भाड्यानं घेतलेला पोरगा. वडापवाल्यांत तर बॅज विचारणारालाच हसतात. आपण चाळणीची जाळी कितीही बारीक केली तरी जो चाळणीत पडतच नाही त्याचं काय? विनापरवाना माणसाच्या हाती गाडी देणं हा मालकाचा गुन्हा आहे, कलम ५ आणि १८०. आपल्या पत्रकांत मालकाचं नाव कधीच येत नाही. दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ ला ज्या बसमध्ये ते भयानक कृत्य झालं, तिला रस्त्यावरचे प्रवासी उचलण्याचा अधिकारच नव्हता, तरी ती फिरत होती.

पुण्यात १ नोव्हेंबर २००७ ला काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. रातपाळीला निघालेली बीपीओतली तरुण मुलगी, कंपनीनं लावलेली गाडी, नेहमीचा चालक आणि त्याचा मित्र. बलात्कार करून तिला मारलं. २०१२ मध्ये फाशी झाली, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली, आणि अंमलबजावणीतल्या विलंबामुळे २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं ती ३५ वर्षांच्या कैदेत बदलली. वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं फाशीचीच चर्चा झाली. त्या रात्री गाडीत चालकाशिवाय दुसरा माणूस कसा, हे बघणं कोणाचं काम होतं, यावर किती बोललं गेलं? २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधाच्या कायद्यात मालकानं पुरवलेलं वाहनसुद्धा कामाचं ठिकाण धरलं आहे. तेव्हा कंपनीच्या गाडीतल्या गैरवर्तनाची तक्रार समितीकडे करता येते. ॲपच्या कंपन्या म्हणतात, चालक आमचा नोकर नाही. बंगळुरूच्या एका प्रवासी बाईंनी २०१८ च्या प्रसंगावरून यावर भांडण नेलं. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल पीठानं २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि पुढच्याच महिन्यात खंडपीठानं त्याला स्थगिती दिली. या भांडणावर लक्ष ठेवा.

आता जो मुद्दा मला सगळ्यात जड जातो, त्याकडे येते. बायकोला मारहाण केल्याबद्दल दोषी ठरलेला रिक्षावाला. पूर्वीचं ४९८ अ, आता भारतीय न्याय संहितेचं ८५. हा स्त्रीवरचा अत्याचार आहे ना? चार भिंतींतला आहे म्हणून कमी, असं आपण वीस-पंचवीस वर्षांत कधी म्हटलं नाही. मग ठरावाप्रमाणे त्याचा बॅज गेला पाहिजे.

आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या एका बाईंपुढे मी हे बोलले. त्यांच्या नवऱ्याला याच कलमाखाली शिक्षा झाली, दंडावर आणि थोडक्या कैदेवर निभावलं. तो रिक्षा चालवतो. पोटगीचा हुकूम झालाय, महिन्याच्या महिन्याला मिळत नाही, पण तगादा लावला की चार-सहा महिन्यांची एकदम टाकतो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, 'ताई, त्याचा बॅज काढला तर पोरीची फी तुम्ही भरणार का? त्याला बरं निमित्तच होईल, धंदाच नाही म्हणून.' मग जरा थांबून म्हणाल्या, 'पण शाळेची गाडी नका देऊ त्याला. लेकरांवर हात उचलतो तो.'

मी कायद्याची पुस्तकं चाळून जे सांगू शकले नसते ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. कुठला गुन्हा, किती जुना, आणि त्याला कोणत्या गाडीवर बसवायचं, या तिन्ही गोष्टी एकत्र बघायला हव्यात. शाळेच्या गाडीत रोज तीच लेकरं, रोज तोच माणूस. भर बाजारातल्या थांब्यावरची रिक्षा वेगळी आणि रात्री एकट्या बाईला आडवाटेनं नेणारी गाडी वेगळी. तरीही माझं समाधान झालेलं नाही. बायकोला मारणारा परक्या बाईशी सभ्य वागेल, हे आपण कशावर धरायचं? आणि नाही वागणार असं धरलं, तर त्या बाईंच्या मुलीच्या फीचं काय?

तर सातव्या ठरावाचा मी सुचवलेला मसुदा असा. 'गुन्हा असलेल्या' हे शब्द काढावेत. बलात्कार, विनयभंग, पाठलाग, पळवून नेणं आणि बालकांवरील लैंगिक अत्याचार यांत दोषी ठरलेल्याला प्रवासी वाहनाचा बॅज देऊ नये. असा खटला चालू असेल तर आपोआप अपात्रता नको, पण कलम १९ खाली सुनावणी घेऊन तात्पुरता निर्णय एका महिन्यात द्यावा आणि सुनावणीत तक्रारदार बाईला आपलं म्हणणं मांडता यावं. इतर गुन्ह्यांना मुदत असावी. दारूबंदी, जुगार, आंदोलन यांतले गुन्हे धरू नयेत. पडताळणी राहत्या हद्दीतल्या ठाण्यापुरती न ठेवता बाहेरच्या जिल्ह्यांतल्या नोंदीही पाहाव्यात आणि लायसनच्या दर नूतनीकरणाला ती पुन्हा व्हावी. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ पासून पोलिसांकडे आहे. ती आपल्याला उघडी नको, पण पोलिसांनी बॅजच्या वेळी ती बघावी. नाकारलं तर कारण लेखी द्यावं. आणि मालकाचं नाव, पत्ता, परमिट नंबर गाडीत मराठीत ठळक लावावा.

आपल्या बाजूनंही काम आहे. परिवहन कार्यालयात नियम २१ खाली आजवर आपल्या जिल्ह्यातून गैरवर्तनाच्या किती तक्रारी गेल्या आणि किती सुनावण्या झाल्या, याची माहिती अधिकारात मागणी करायची आहे. अर्ज मी लिहून आणलाय, दहा रुपयांचा स्टँप लावायचा. तालुक्याला एकेक घेऊन जा. पुढच्या बैठकीला आकडे हातात असले पाहिजेत.

४९८ अ चं वाक्य मी मसुद्यात कंसात ठेवलं आहे. घ्यायचं की नाही, घेतलं तर फक्त शाळेच्या गाडीपुरतं की सरसकट, हे मी एकटीनं ठरवणार नाही. ज्यांच्या घरात रिक्षा आहे आणि ज्यांना पोटगी रिक्षावाल्याकडून येते, त्यांनी जेवणानंतर डाव्या बाजूच्या खोलीत आधी बसावं. आम्ही वकीलमंडळी तासाभरानं येऊ.